तीन फावड्यांचा पुरावा

शब्दकोश कचेरीचे प्रमुख संपादक, माझा तुमच्यावर उघड आरोप आहे. तुम्ही माझ्या मेलेल्या बापाचा शब्द केराच्या टोपलीत टाकलात आणि त्याच्या जागी, माझ्याच नावावर, असा एक शब्द छापायला काढलात की तो आठवून आमच्या शेडमधली माणसं अजून पोट धरून हसतात. मी तुम्हाला तीन पत्रं लिहिली. तिन्हींची छापील पोच आली. पोच म्हणजे उत्तर नव्हे, एवढं मराठी मला येतं. म्हणून आता सगळं इथे चारचौघांत लिहितो. यात गाढव कोण ते वाचणाऱ्यांनी ठरवावं. माझं नाव त्या यादीत आहे, हे मी आधीच कबूल करून टाकतो.

मी वेल्डर आहे. बसगाड्या दुरुस्त करायच्या शेडमध्ये बावीस वर्षं काढली. शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं शिक्षण डबा बांधून आलेल्या कागदांवर झालं. डबा खायचा, मग कागद वाचायचा. त्यामुळे माझं ज्ञान थोडं तेलकट आहे, पण पक्कं आहे.

आणि एका विषयात मला तोड नाही, हे मी छाती ठोकून सांगतो. खाण्याला माणसं काय काय म्हणतात, तो माझा विषय. एकशे अठरा शब्द गोळा केलेत मी, एकेका कार्डावर एकेक, बुटाच्या खोक्यात. 'जेवणे' त्यात धरलेलाच नाही. तो कुणालाही येतो.

कधी लक्ष देऊन ऐकलंय का? आपले खाण्याचे निम्मे शब्द मारामारीचे आहेत. हाणणे, चोपणे, ताव मारणे, आडवा हात मारणे, फडशा पाडणे, तुटून पडणे. परक्या माणसाने नुसते शब्द ऐकले तर त्याला वाटेल, ही माणसं ताटासमोर बसतात की आखाड्यात उतरतात? उरलेल्यातले काही जनावरांकडून उसने आणलेत. दिवसभर थोडं थोडं तोंडात टाकत फिरणारा 'चरतो', आणि चार तास तेच चघळत बसतो त्याचं 'रवंथ' चालतं. 'गिळणे' मात्र रागाचा शब्द. तो खाणारा स्वतःबद्दल क्वचितच वापरतो, वाढणारा वापरतो. माझी बायको गेली सतरा वर्षं मला "आता गिळून घ्या" म्हणते. त्यात दिवसभर काय काय घडलं याचा अख्खा अहवाल असतो.

माझं म्हणणं असं की हे शब्द पुस्तकं वाचणाऱ्यांनी केलेले नाहीत. ज्यांना जेवायला तास मिळतो ते 'भोजन' करतात. ज्यांना पंचवीस मिनिटं मिळतात ते 'हादडतात'. हे मी तुमच्या कचेरीला कळवलंही होतं. त्यावर तुमचा शेरा आला: "मत नको, शब्द पाठवा."

पाठवले. तुम्हीच जाहिरात दिली होती की बोलीतले शब्द अर्थासकट आणि उगमासकट पाठवा. मी त्रेसष्ट निवडक कार्डं पाठवली. दोन महिन्यांनी उत्तर आलं. चाळीस शब्द 'आधीच नोंदलेले'. बावीस 'ग्राम्य, सबब नाकारले'. आणि एकाच कार्डावर लाल शाईत लिहिलं होतं, 'पुरावा नाही'.

ते कार्ड माझ्या बापाचं होतं.

माझे वडील कपडे धुण्याच्या कारखान्यात बॉयलरवर होते. हॉस्पिटलच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, सगळं वाफेवर धुतलं जायचं आणि ती वाफ वडील बनवायचे. भट्टीचं दार उघडायचं, कोळशाची तीन फावडी आत टाकायची, दार लावायचं. पाच मिनिटांनी पुन्हा तीन फावडी. काटा खाली आला की वरून शिव्या. जेवणाची सुट्टी इतरांना असायची. भट्टीला सुट्टी नसते. म्हणून वडील त्या पाच मिनिटांत उभ्या उभ्या डबा उघडायचे, तीन मोठे घास घ्यायचे आणि पुन्हा फावडं उचलायचे. तिकडे तीन, इकडे तीन. त्यावरून बॉयलरवरचे चारही जण जेवण्याला 'तीन फावडी मारणे' म्हणायला लागले.

मी कार्डावर अर्थ लिहिला होता तो असा: 'काम डोक्यावर उभं असताना, उभ्याने, चव न बघता, पण पुढच्या कामाला पुरेल इतकं खाणे.' हादडणं वेगळं, त्यात हौस असते. कोंबणं वेगळं, त्यात हाव असते. गिळण्याचं वर सांगितलंच. या खाण्याला आपल्या भाषेत दुसरा शब्द नाही, संपादक. असेल तर दाखवा.

पण पुरावा! तुमचा नियम असा की शब्द बोलणारी तीन माणसं हवीत. तिघंही जिवंत. पाठवणाऱ्याच्या नात्यातलं कुणी नको. शब्द तुमच्या संकलकाच्या कानांनी ऐकलेला हवा आणि बोलणाऱ्यांना आधी काही सांगितलेलं चालणार नाही. बॉयलरवरचे चौघंही गेले. बॉयलरच्या जागी आता विजेचं यंत्र आहे, त्याला फावडं लागत नाही. हा शब्द रोज बोलणारं एकच माणूस शिल्लक आहे, माझी आई. एकोणऐंशीची आहे. "ये, तीन फावडी मारून घे, मग जा," असं ती मला अजून म्हणते. पण ती माझी आई असल्यामुळे तिचं बोलणं तुमच्या नियमात बसत नाही. जिच्याकडून मी भाषा शिकलो, तिचं बोलणं भाषेचा पुरावा नाही. असो.

तुमच्या जाहिरातीत आणखी एक ओळ होती. शब्दाखाली तो ज्याच्या तोंडचा, त्याचं नाव आणि काम छापू. मी ती ओळ आईला वाचून दाखवली, हीच माझी पहिली चूक.

"म्हणजे ह्यांचं नाव येणार?" आई म्हणाली.

"येणार."

"जाड पुस्तक असतं ना रे ते?"

"उशीएवढं."

"मग मी थांबते तोवर," ती म्हणाली. आणि कुठे थांबते, ते तिने सांगितलं नाही. मला कळलं.

मग माझी योजना ठरली. शेडमध्ये जेवायला आम्ही अकराजण एका टेबलावर असतो. टेबल म्हणजे बसचं जुनं दार, दोन तेलाच्या पिंपांवर आडवं टाकलेलं. त्या दिवसापासून डबा उघडताना मी मोठ्याने म्हणायला लागलो, "चला, तीन फावडी मारू." बस, एवढंच. कुणाला काही सांगितलं नाही, शिकवलं नाही. मूल तरी भाषा असंच उचलतं. याला कुणी लबाडी म्हणत असेल तर त्याने आधी आपल्या मुलाला विचारावं.

पहिले चार दिवस मला वेड्यात काढलं. आमचा हेड फिटर आहे, त्याला आम्ही तोफ म्हणतो, कारण तो कानात बोलला तरी शेजारच्या शेडमधला माणूस उत्तर देतो. तोफ म्हणाला, "वेल्डर, डोक्यात ठिणगी गेली का रे?" पाचव्या दिवशी चेष्टा म्हणून तोच बोलला. सहाव्या दिवशी चेष्टेची सवय झाली. आठव्या दिवशी पेंटर, जो अंगाने दोन माणसांचा आहे म्हणून ज्याला आम्ही रणगाडा म्हणतो, तो इंजिनखाली झोपलेल्या इलेक्ट्रिशियनला हाका मारत होता, "अरे बाहेर ये, तीन फावडी मार, मग जळ तिथे." खरं सांगतो, वडील गेल्यापासून मी हा शब्द घराबाहेर असा सहज बोललेला ऐकला नव्हता.

पंधराव्या दिवशी मी कचेरीला कळवलं: 'शब्द जिवंत आहे. कुणीही येऊन ऐका. मंगळवार, दुपारी एक.' तुमचं उत्तर आलं: संकलक बाई येतील, कुणाला पूर्वकल्पना देऊ नये. त्या समोर बसून ऐकतील, पण आपण कोण हे सांगणार नाहीत.

आता आमच्या गेटची पद्धत सांगतो, कारण माशी तिथे शिंकली. बाहेरच्या माणसाला आत यायचं तर आदल्या दिवशी वॉचमनकाकांच्या वहीत नोंद लागते. वहीत 'कारण' म्हणून रकाना आहे आणि त्यात चारच कारणं छापलेली: माल, दुरुस्ती, पाहणी, इतर. 'इतर'वर खूण केली की मोठ्या साहेबांची सही लागते, आणि मोठे साहेब विचारतात.

"कशाला येतायत बाई?" काकांनी विचारलं.

"ऐकायला."

"काय ऐकायला?"

"आम्ही काय बोलतो ते."

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "असं लिहिलं तर मला घरी बसवतील. माल आहे का त्यांच्याकडे?"

"नाही."

"काही दुरुस्त करणार?"

"नाही."

"मग पाहणी," म्हणत काकांनी खूण करून टाकली. पुढे लिहिलं, 'भाषेच्या कचेरीतून. दुपारी एक. जेवणाच्या वेळी.' मला वाटलं, सुटलो.

ही नोंद सोमवारी सकाळची. ती करून आत जातो तोच मला रस्त्यात बंद पडलेल्या बसवर पाठवलं. दिवसभर मी चाळीस मैलांवर एका बसच्या पोटाखाली होतो. तेवढ्यात शेडच्या सुपरवायझरनी वही वाचली. आता त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. महिन्यापूर्वीच वरून पत्र आलं होतं की शेडमधली जेवणाची सुट्टी चाळीस मिनिटांपर्यंत लांबते आणि शेडमधली भाषा तिकीट खिडकीपर्यंत ऐकू येते, प्रवासी बायाबापड्या तक्रार करतात. त्यानंतर वहीत वाचायचं काय, तर पाहणी, भाषेच्या कचेरीतून, जेवणाच्या वेळी! त्या जागी मी असतो तरी मला घाम फुटला असता.

सुपरवायझरनी संध्याकाळी दहाही जणांना तासभर थांबवून घेतलं आणि जेवायला शिकवलं.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मंगळवारी एक वाजता मी बाईंना गेटवरून घेऊन आलो. बारीक, गंभीर, काखेत पत्र्याची कार्डपेटी, खांद्याला पिशवी. वाटेत त्यांना म्हणालो, "बाई, आमची माणसं रांगडी आहेत. कान सांभाळा."

"तेच हवंय," त्या म्हणाल्या.

मी जेवायच्या कोपऱ्याचा पडदा बाजूला केला आणि मला वाटलं, शेड चुकली.

टेबलावर बसच्या सीटचं नवं कापड अंथरलेलं. मधोमध फुलं, कूलंटच्या कॅनमध्ये. दहाजण धुतलेल्या कपड्यांत, केसांना पाणी लावून, ओळीने बसलेले, फोटो काढायला बसवल्यासारखे. प्रत्येकापुढे काटा आणि सुरी. तोफेने काटा असा धरला होता जणू स्पार्क प्लग बसवायचाय. सुपरवायझर टोकाला उभे, हात मागे बांधून.

"या बाई, या," ते म्हणाले. "ही आमची नेहमीची सुट्टी. अगदी नेहमीची."

बाई बसल्या, पेटी उघडली, पेन्सिल काढली. दहा माना ताठ झाल्या. मी डबा उघडला आणि तोफेकडे आशेने पाहिलं.

तोफेने घसा साफ केला. आणि जन्मात पहिल्यांदा, शपथेवर सांगतो, हळू आवाजात तो म्हणाला, "आपण भोजनास प्रारंभ करावा, असं मला नम्रपणे वाटतं."

माझ्या हातातलं झाकण पडलं. बाईंची पेन्सिल चालू झाली.

"मी किंचित घेईन," रणगाडा म्हणाला. हा माणूस आठ पाव खाऊन 'आज भूक मेलीय' म्हणतो.

"अवश्य घ्यावं," इलेक्ट्रिशियन म्हणाला. "अन्न हे घ्यावंच."

मग ओळीने आणखी तिघांनी भोजनास प्रारंभ करण्याची आणि किंचित घेण्याची इच्छा तोंडाने बोलून दाखवली. मला काही कळेना. मी डोळे मोठे केले. तोफेला वाटलं मी त्याला शाबासकी देतोय. तो खूश होऊन आणखी हळू बोलायला लागला.

"काय तोफ," मी म्हणालो, "बाहेर बस उभी आहे ना तुझी? घाई असेल. पटकन काय करायचं मग?"

"घाई कसली? प्रत्येक घास बत्तीस वेळा चावावा, असं साहेबांनी काल... म्हणजे आम्ही लहानपणापासून चावतो."

"आता काय मारायचं रे?" मी इलेक्ट्रिशियनला विचारलं.

"माशा म्हणाल तर आमच्याकडे नाहीत," तो बाईंकडे बघून म्हणाला. "स्वच्छता असते."

बाई मान न वर करता म्हणाल्या, "कृपा करून सुचवू नका. त्यांना त्यांच्या नैसर्गिक भाषेत बोलू द्या."

नैसर्गिक! मी टेबलाखालून तोफेला लाथ घातली. ती तोफेला न लागता तेलाच्या पिंपाला लागली आणि पिंप देवळातल्या घंटेसारखं घुमलं. रणगाडा त्याच वेळी उकडलेल्या अंड्याला सुरीने कापायचा प्रयत्न करत होता. अंड्याला कधी कुणी असं वागवलं नव्हतं. ते ताटलीतून सुटलं, फुलांवरून गेलं, सुपरवायझरच्या शर्टाला चाटून बाईंच्या उघड्या कार्डपेटीत 'भ'च्या खणात जाऊन बसलं.

शेडमध्ये इतकी शांतता मी रविवारीसुद्धा ऐकलेली नाही.

"क्षमस्व," रणगाडा म्हणाला. हा शब्द त्याला कुठून आला असेल ते मला आजतागायत कळलेलं नाही.

बाईंनी शांतपणे अंडं दोन बोटांनी उचलून ताटलीत ठेवलं आणि नवीन कार्ड काढून 'क्षमस्व' लिहिलं. सुपरवायझरनी त्यांच्यापुढे पाव आणि रस्सा सरकवला. त्या नको म्हणाल्या, बोलणाऱ्यांच्या घरचं खाल्लं तर नोंद बाद होते म्हणे. सुपरवायझरना वाटलं, बाई लाच घेत नाहीत, म्हणजे पाहणी फारच कडक आहे. त्यांनी सगळ्यांना डोळ्यांनीच दटावलं. त्यानंतर दहाही जण असे जेवत होते की जणू घासानेच वर तक्रार केली असती.

भोंगा झाला. पंचवीस मिनिटं संपली. कुणाचाही डबा अर्धासुद्धा झाला नव्हता. बाईंनी पेटी मिटली आणि त्या उठल्या. माझ्या डोळ्यांसमोर आई आली, आणि उशीएवढं पुस्तक, आणि त्यातलं कोरं पान. माझा तोल गेला.

"अरे गधड्यांनो," मी ओरडलो, "त्या पाहणीच्या नाहीत. शब्दकोशाच्या आहेत. तुम्ही रोज जे बोलता ते ऐकायला आल्यात. पंधरा दिवस बोलताय ते कुठे गेलं आज?"

"काय बोलतो आपण रोज?" रणगाड्याने विचारलं. त्याचा चेहरा पडला होता, मुख्यतः भुकेने.

"डबा उघडताना काय म्हणतो?"

आणि मग धरण फुटलं. "तीन फावडी!" तोफ गरजली, तिकीट खिडकीच्या काचा हलल्या असतील. "चला रे, तीन फावडी मारा आधी, भूक भूक होतेय." काटे बाजूला उडाले. दहाही जण एकदम बोलत होते आणि हाताने जेवत होते. इलेक्ट्रिशियन तर तोंड भरलेलं असताना 'फावडी' म्हणाला, जे सोपं नाही. मी बाईंकडे वळलो. हात जोडायचेच बाकी होते.

"ऐकलंत? दहा झाले. तुम्हाला तीनच हवे होते."

बाईंनी पेटी उघडली नाही. "तुम्ही आता सांगितलंत त्यांना," त्या म्हणाल्या. आवाजात कुचकेपणा नव्हता, उलट वाईट वाटत होतं, म्हणून मला जास्त राग आला. "सांगून बोललेलं नोंदता येत नाही. नियम आहे. त्याआधीचं मात्र सगळं घेतलंय मी."

"त्याआधीचं कुठलं?"

"भोजनास प्रारंभ करणे. किंचित घेणे. पूर्वकल्पना न देता, तीन-तीन जणांच्या तोंडून. बस दुरुस्तीच्या कामगारांत ही भाषा रूढ आहे, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं." आणि त्यांनी मला धन्यवाद दिले.

सुपरवायझरनी काय दिलं ते इथे लिहीत नाही. थोडक्यात, वहीत खोटी नोंद करवल्याबद्दल लेखी खुलासा, आणि आठ दिवस ग्रीसचा खड्डा साफ करणे. तोफ म्हणाला, "वेल्डर, आधी सांगितलं असतंस तर मी माझ्या बापाचेही चार शब्द दिले असते. पण ते तिकीट खिडकीला चालले नसते."

बाई गेल्यावर मला त्यांची पेन्सिल टेबलावर दिसली. ती घेऊन मी गेटकडे पळालो. इथून पुढचं नीट वाचा, संपादक. खास तुमच्यासाठी आहे.

बाई वॉचमनकाकांच्या केबिनपाशी उभ्या होत्या. सकाळपासून पोटात काही नसावं, चेहरा पांढरा पडला होता. काका त्यांना म्हणत होते, "बस पाच मिनिटांत येईल. ही चुकली तर मग दीड तास नाही."

बाईंनी रस्त्याकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. पिशवीतून डबा काढला, पेटी दोन्ही पायांत धरली, आणि उभ्या उभ्या झाकण उघडत म्हणाल्या, "मग तेवढ्यात तीन फावडी मारून घेते."

पहिला घास तोंडात गेला आणि त्या थांबल्या. मी थांबलो. फक्त काका थांबले नाहीत.

"मारा, मारा," काका म्हणाले. "मी आत्ताच मारली. इथे गेट सोडून बसून कोण जेवतंय?"

काकांना मी हा शब्द कधीही सांगितलेला नाही. ते आमच्या टेबलावर जेवत नाहीत. शेडमधून उडत उडत त्यांच्यापर्यंत आला असेल, तोफेच्या आवाजावर बसून.

बाईंनी घास गिळला. माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि काकांचं कार्ड लिहिलं: शब्द, दिवस, जागा, पूर्वकल्पना नाही.

"एक झालं," त्या म्हणाल्या.

"दोन," मी म्हणालो.

"संकलकाचं बोलणं धरत नाहीत."

"का? तुम्ही जिवंत आहात. माझ्या नात्यातल्या नाहीत. मी सांगितलं नव्हतं."

बाईंनी दुसरा घास घेतला. "तुमचं कार्ड महिनाभर माझ्या टेबलावर होतं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे तिघीजणी आहोत. दुपारी एकला टपाल येतं, त्याच्या आत जेवण उरकायचं असतं. कधी तोंडात बसला, कळलंच नाही."

"तिघी बोलता?"

त्यांनी तिसरा घास घेतला आणि भरल्या तोंडाने मान हलवली. ही मान वर-खाली हलली, संपादक, आडवी नाही. मग बस आली.

घरी गेल्यावर आईने विचारलं, "झालं का?" मी काय सांगणार? अंडं सांगितलं, रणगाड्याचं 'क्षमस्व' सांगितलं. ती हसून हसून खोकली. मग गेटवरचं सांगितलं. तेव्हा ती हसली नाही.

"किती घास घेतले तिने?"

"तीन."

"उभ्याने?"

"उभ्याने. बस येत होती."

"चव लागली असेल?"

"शक्यच नाही."

"मग बरोबर बोलली," आई म्हणाली. "पोरीला शब्द कळलाय." मग म्हणाली, "त्या पोरी बसून जेवत नाहीत होय? त्यांचा साहेब कोण आहे?"

दीड महिन्याने तुमचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की मी पाठवलेल्या सामग्रीतून एक नोंद स्वीकारली आहे: 'भोजनास प्रारंभ करणे. जेवायला बसणे. बस दुरुस्ती कामगारांच्या बोलीत.' खाली पाठवणारा म्हणून माझं नाव. 'तीन फावडी मारणे' याच्यापुढे: 'एक नोंद, अपुरी.' हे पत्र मी चुकून शेडमध्ये उघडलं. तेव्हापासून माझं नाव 'प्रारंभ' पडलंय. तिकीट खिडकीवरून सुद्धा हाक येते.

आता उत्तर द्या. माझा प्रश्न साधा आहे. तुमच्याच कचेरीत, तुमच्या केबिनच्या दारापासून चार पावलांवर, तीन बाया रोज दुपारी टपाल यायच्या आत उभ्याने जेवतात आणि त्या जेवण्याला माझ्या बापाच्या शब्दाने हाक मारतात. तिघी जिवंत आहेत. तिघी माझ्या कुणी लागत नाहीत. त्यांना कुणी पढवलेलं नाही. तुम्हाला गेटच्या वहीत नोंद करावी लागणार नाही, खुर्चीतून उठून दार उघडायचं आहे, तेही पाऊण वाजता. ते उघडणार आहात की नाही?

पोच नको. उत्तर लेखी पाठवा, मोठ्या अक्षरात. आईला ते स्वतः वाचायचं आहे, आणि ती अजून थांबलेली आहे.